डिलिव्हरीसाठी जुनी गाडी: मीटरपेक्षा थांबे मोजा

डिलिव्हरीच्या गाडीची झीज किलोमीटरपेक्षा थांब्यांनी जास्त होते. दिवसाला ८० थांबे असतील आणि प्रत्येक थांब्याला इंजिन बंद होत असेल, तर वर्षातल्या ३०० कामाच्या दिवसांत सेल्फ २४,००० वेळा मारला जातो आणि ड्रायव्हरचं दार ४८,००० वेळा उघडतं. दिवसातून चारदा सुरू होणारी घरगुती गाडी वर्षाला दीड हजाराच्या आतच राहते. सेल्फ, क्लच, हँडब्रेक, दाराच्या बिजागऱ्या आणि सीट यांच्या अंगावर एका वर्षात पंधरा-सोळा वर्षांचं काम पडतं, आणि मीटरवर मात्र जेमतेम वीस-पंचवीस हजार दिसतात. साल आणि मीटर बघून भाव ठरवण्याची सवय या कामाला म्हणूनच पुरत नाही.

आधी रूट कागदावर उतरवा

गाड्या बघायला निघण्याआधी आठवडाभर पाच गोष्टी लिहून काढा: रोजचे किलोमीटर, थांबे, एका फेरीत भरलेला सगळ्यात जड माल, सगळ्यात मोठ्या वस्तूची लांबी-रुंदी-उंची, आणि रूटवरची सगळ्यात अरुंद गल्ली किंवा सगळ्यात बुटकं गेट. यावरून गाडीचा आकार ठरतो. तो विकणाऱ्याच्या बोलण्यावरून ठरू देऊ नका.

माल जागेने भरतो की वजनाने, हे एकदा कळलं की निम्मी निवड झाली. पार्सल, कपडे, पुठ्ठ्याचे खोके आधी जागा संपवतात. पाण्याचे कॅन, फरशा, रंगाचे डबे, हार्डवेअर आधी वजन संपवतात आणि अर्धी गाडी रिकामी दिसत असतानाच ती ओव्हरलोड झालेली असते. २० लिटरचे ३० कॅन म्हणजे नुसतं पाणीच ६०० किलो.

गाडी खरोखर किती वाहू शकते, हे जाहिरातीत शोधू नका. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली कंपनीची प्लेट असते, तिच्यावर गाडीसकट एकूण वजनाची मर्यादा आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची (चाकांची जोडी धरणारा दांडा) वेगवेगळी मर्यादा छापलेली असते. समजा एकूण मर्यादा १,७५० किलो आणि रिकामी गाडी १,१५० किलो. फरक ६००. त्यातून ड्रायव्हर आणि मदतनीस मिळून १४० किलो वजा, आत ठोकलेले प्लायचे कप्पे ४० किलो वजा. मालाला उरले ४२०. रिकाम्या गाडीचं वजन काही कंपन्या ड्रायव्हर धरून देतात, काही न धरता. त्यामुळे सौदा पक्का होण्याआधी टाकी भरून गाडी वजनकाट्यावर नेणं सगळ्यात सरळ.

टायरही याच हिशोबात येतात. टायरवर मापाच्या शेजारी भाराचा आकडा असतो: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००. मागच्या दोन टायरांची बेरीज मागच्या ॲक्सलच्या मर्यादेपेक्षा कमी भरत असेल, तर आधीच्या मालकाने स्वस्तातले कारचे टायर चढवलेत असं समजा. नवा संच घ्यावा लागणार, तो खर्च भावातून वजा करा.

माल ठेवायच्या जागेत मागच्या दोन चाकांवरच्या फुगवट्यांमधलं अंतर आणि मागच्या दाराचं तोंड टेपने मोजा. आतून मोठी दिसणारी गाडी दारापाशी बरीच अरुंद निघते. जमिनीपासून माल ठेवायच्या फळीची उंचीही बघा. रोज ८० वेळा माल उचलणाऱ्या कंबरेला दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक महिन्याभरात जाणवतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स: जितकं साधं तितकं बरं

शहरातल्या छोट्या रूटला टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन आणि हाताचे गिअर ही जोडी सगळ्यात कमी डोकेदुखीची. डिझेलचं ॲव्हरेज जास्त असतं हे खरं, पण नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि तिथे काही वेळ टिकावं लागतं. पाचशे मीटर चालून थांबणाऱ्या गाडीत ते होतच नाही. फिल्टर साफ करण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, गाडी थांबल्याने ही साफसफाई मधेच तुटते, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. अशा गाडीच्या डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ऑइल वरच्या खुणेच्या वर दिसतं आणि त्याला डिझेलचा वास येतो. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग फार काळ टिकत नाहीत. रूटमध्ये रोज निदान वीस-पंचवीस मिनिटांचा सलग मोकळा रस्ता असेल तरच असं डिझेल घ्या. फिल्टर नसलेलं जुनं साधं डिझेल चालेल, पण तुमच्या भागात त्याला प्रवेशबंदी किंवा वयाची मर्यादा आहे का, ते आधी विचारा.

गॅसवर चालणारी गाडी घेताना सिलिंडरवरची तपासणीची तारीख वाचा, मुदत संपलेली असेल तर तपासणीचा खर्च धरा. सिलिंडर मालाची जागा आणि वजन दोन्ही खातो, हेही हिशोबात घ्या.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) जुनी पद्धत मुंगीच्या वेगाचं ट्रॅफिक बऱ्यापैकी सोसते. कोरडे दोन क्लच असलेले आणि हाताच्या गिअरबॉक्सवर मोटर बसवून ऑटोमॅटिक केलेले प्रकार मात्र सतत सरकत-थांबत चालवले की तापतात, आणि दुरुस्तीचा आकडा जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. स्वस्तात मिळत असले तरी या कामाला नकोत.

मॉडेल निवडायची एक पद्धत फार कमी जण वापरतात: स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन विचारा, ‘या मॉडेलचं सगळ्यात जास्त काय खपतं?’ ब्रेक पॅड, फिल्टर, क्लच प्लेट अशी उत्तरं आली तर ठीक. स्टिअरिंग रॅक, हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील), इंजेक्टर असं उत्तर आलं तर दुसरं मॉडेल बघा. आणि नेहमीचे पार्ट त्याच दिवशी मिळतात का, हेही विचारा. पार्टची वाट बघत उभी राहिलेली गाडी कितीही स्वस्तात घेतलेली असो, महागच पडते.

इंधनाचं गणित सौद्याआधी करा. रोज ८० किलोमीटर, ३०० दिवस, म्हणजे वर्षाला २४,००० किलोमीटर. लिटरला १५ देणाऱ्या गाडीला १,६०० लिटर लागतात, २० देणारीला १,२००. हा ४०० लिटरचा फरक तीन वर्षांत १,२०० लिटर होतो. तेवढ्या इंधनाची किंमत काढा आणि दोन गाड्यांच्या भावातल्या फरकाशेजारी ठेवून बघा.

वय आणि किलोमीटर यांत निवडायचं झालं तर चार वर्षांची, हायवेवर दीड लाख किलोमीटर धावलेली, सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी ही दहा वर्षांची, साठ हजार किलोमीटरची, नोंदी नसलेली आणि बहुतेक वेळ उभी असलेली गाडी घेण्यापेक्षा बरी. उभ्या गाडीत रबरी सील सुकतात, ब्रेक जाम होतात, टाकीत गंज धरतो. मात्र पहिली गाडीही आधी डिलिव्हरीतच वापरलेली असेल, तर पुढचे सगळे तपास दुप्पट कडक करा.

सगळे पैसे गाडीतच घालू नका. हातात असलेल्या रकमेचा पाचवा ते चौथा हिस्सा पहिल्या महिन्यातल्या कामांसाठी बाजूला काढा.

थंड इंजिनावरच तपासा

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी थंड हवी आहे, आणि पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागली तर काहीतरी लपवण्यासाठी आधीच चालू करून ठेवलेली असू शकते. दुसऱ्या दिवशी या.

गाडी सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल काळं असणं हा दोष नाही, डिझेलमध्ये तर ते लगेच काळं होतं. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी ऑइल खाते किंवा मालक बघत नाही, दोन्ही वाईट. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर घाबरून निघून जाऊ नका. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाला साचते आणि तशी साय जमते. डिपस्टिकवरही तेच दुधट ऑइल दिसलं तर मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये उतरतंय, विषय संपला.

कूलंटचं झाकण थंड असतानाच उघडा. गरम रेडिएटर उघडला तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आत रंगीत, स्वच्छ कूलंट हवं. साधं पाणी असेल तर बहुतेक गळती कुठेतरी चालू आहे आणि मालक पाणी ओततोय. तपकिरी गाळ किंवा वर ऑइलचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. संशय पक्का करायला गॅरेजमध्ये एक निळं द्रव असतं. कूलंटच्या टाकीवर ते धरून पेट्रोल इंजिन चालवलं आणि जळलेला वायू आत येत असला, तर ते पिवळं पडतं. पाच मिनिटांचं काम आहे.

बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे दिवे आणि पंखा लावून पुन्हा मोजा. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर त्याला वेगळ्या प्रकारची महाग बॅटरी लागते. आधीच्या मालकाने साधी बसवली आहे का, ते बॅटरीवरचं लेबल वाचून बघा.

आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. थंडीत पहिल्या मिनिटभराची पांढरी वाफ ठीक. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, बऱ्याचदा स्वस्तात सुटणारी गोष्ट. निळा धूर ऑइलचा, आणि तो कधी येतो यावर खर्च ठरतो: उतारावर पाय सोडून पुन्हा रेस दिल्यावर फुटला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, जोर लावताना सतत येत असेल तर पिस्टन रिंग आणि बोअर. पहिलं काम परवडतं, दुसरं परवडत नाही.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. ते थरथरलं तर ठीक, पण उड्या मारत असेल आणि खालून धुराचे झोत येत असतील तर रिंगांमधून दाब खाली येतोय. झाकण काढल्यावर काही इंजिनं थोडी अडखळतात, ते नॉर्मल आहे. शंका राहिली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्या. पेट्रोलला साधारण १० ते १४ बार, डिझेलला २५ ते ३५. नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, तो १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. एक सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर गेला तर दोष रिंगांत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे मॉडेलवरून आधीच माहीत करून घ्या. बेल्ट असेल आणि कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. बहुतेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि पूर्ण हेड उघडावं लागतं. चेन असेल तर थंड स्टार्टला खडखडाट दोन-तीन सेकंदांत थांबायला हवा.

शेवटी स्कॅनर लावा, मोबाइलला जोडणारा छोटासाही चालेल. फॉल्ट कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, आधी दोन गोष्टी वाचा: कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, आणि स्वतःची तपासणी करणारे मॉनिटर ‘पूर्ण’ दाखवतात का. कोड पुसून दहाच किलोमीटर झाले असतील आणि बरेच मॉनिटर अपूर्ण असतील, तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी इंजिनचा दिवा विझवला आहे किंवा बॅटरी काढली आहे. दोन-तीन दिवस चालवून मग पुन्हा दाखवा म्हणा. तयार नसेल तर ते उत्तरच आहे.

थांब्यांनी खाल्लेले भाग

इथे वेळ घाला. गाडी पूर्ण तापल्यावर बंद करा, पाच मिनिटं थांबा, सुरू करा. असं पाच वेळा. थंड असताना झटकन सुरू होणारी गाडी गरम असताना रडते, कारण तापलेला सेल्फ कमजोर पडतो, किंवा इंजेक्टर गळून इंधनाचा दाब उतरतो. हा दोष एका टेस्ट ड्राइव्हमध्ये कधीच दिसत नाही आणि रूटवर दुसऱ्याच दिवशी दिसतो. सेल्फ नुसता ‘टक’ करत असेल तर बॅटरीची टर्मिनल आणि अर्थची वायर आधी बघा. ती स्वच्छ असून टक येत असेल तर सेल्फ काढावा लागणार.

क्लचसाठी सपाट, मोकळ्या जागेत हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, हलकी रेस देऊन क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. घुरघुरत चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर प्लेट तुम्हीच जाळाल. मग इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये कान द्या. पेडल दाबल्यावर किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, पेडल सोडलेलं असताना येणारा आवाज दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. दुसरं बरंच महाग. चढावर रिव्हर्समध्ये गाडी थरथरत निघत असेल तर क्लच तापून तापून डाग पडलेला आहे.

गिअरबॉक्समध्ये या कामात आधी दुसरा गिअर थकतो. ३०-३५ च्या वेगात तिसऱ्यावरून दुसऱ्यात जरा झटकन टाका. करकर आवाज आला तर सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून घेणारी रिंग) गेलाय. हळू टाकल्यावर तो आवाज येत नाही, आणि विकणारा नेमका हळूच टाकून दाखवतो.

ड्रायव्हरचं दार अर्धं उघडून कडेला धरा आणि वर उचला. बिजागरीत खेळ असेल तर दार खाली बसलेलं असतं, कुलूप आपटतं आणि पावसात पाणी आत येतं. सरकतं दार असेल तर गाडी उतारावर तोंड करून लावा आणि दार उघडा-मिटा. ते सहज सरकावं आणि उघडं असताना जागेवर थांबावं. खालच्या पट्टीतले रोलर झिजले की दार मागच्या टोकाला लोंबतं. रोलर बदलणं सोपं, पण पट्टीच गंजली असेल तर पत्र्याचं काम निघतं. सेंट्रल लॉक लागोपाठ वीस वेळा चालू-बंद करा, कमजोर मोटर दहा-बाराव्या वेळेपर्यंत उघडी पडते. किल्ली फिरवताना अडकते का, इंजिन चालू असताना हलकेच हलवल्यावर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात का, हेही पाहा.

सीटच्या ज्या बाजूने ड्रायव्हर उतरतो ती कड चेपलेली असतेच. फोम बदलता येतो. खाली हात घालून सांगाड्याचं वेल्डिंग तुटलंय का ते चाचपा, आणि पेडलचं रबर बघा. पेडल गुळगुळीत घासलेलं, सीटची कड फाटलेली, आणि मीटरवर ४० हजार: मीटर मागे केलेलं असणार. उलट, जुन्या गाडीत पेडलचं रबर कोरं करकरीत असेल तर ते का बदललं, विचारा.

हँडब्रेक चढावर, माल भरलेला असताना धरतो का ते बघा. वर-वर ओढावा लागत असेल तर केबल ताणलेली आहे किंवा मागचे ब्रेक संपलेत.

ओव्हरलोडच्या खुणा

मालक ‘हलकाच माल वाहिला’ म्हणतो, गाडीचा तळ खरं सांगतो. मागचे पाटे (भार झेलणारे स्प्रिंगचे पट्टे) रिकाम्या गाडीतही सपाट किंवा उलटे वाकलेले, रबरी स्टॉपर चेपून फाटलेले, पाटे अडकवलेल्या ब्रॅकेटच्या आसपास चेसिसला बारीक चिरा, फळीखालचा पत्रा पोचे पडलेला. ज्यादा पाटा टाकलेला दिसला तर त्याने गाडी कमी बसते, पण ॲक्सल, ब्रेक आणि चेसिसची मर्यादा तीळभरही वाढत नाही. ज्यादा पाट्याची गाडी म्हणजे ओव्हरलोडची कबुलीच.

खाली शिरताना गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नका. रॅम्प किंवा पक्के स्टँड लावा, नाहीतर गॅरेजच्या लिफ्टवर घ्या.

टायरची झीज वाचता येते. दोन्ही कडा झिजलेल्या म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. नुसता मधला पट्टा गेलेला म्हणजे हवा जास्त. एकच आतली कड म्हणजे अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शन वाकलंय. हात फिरवल्यावर चढउतार लागले तर शॉकॲब्सॉर्बर संपले. टायरवरच्या लंबगोलातले चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असणं गुन्हा नाही, पण सहा-सात वर्षांचे असतील तर खोबणी खोल दिसली तरी ते बदलायचेच.

गंजात वरवरचा आणि आतला असा फरक करा. दाराच्या कडेचा, बोनेटच्या टोकाचा गंज चालेल. चेसिसचे दांडे, दाराखालची पेटी, सस्पेन्शन अडकतं ती जागा इथे स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून बघा, खणखणीत आवाज यायला हवा. दबका आला, किंवा पत्रा आत गेला, तर सोडून द्या. तळाला नुकताच ताजा काळा कोट मारलेला दिसला तर तो कशासाठी, हा प्रश्न आधी. ठोकलेली गाडी ओळखायला रंगाची जाडी मोजणारं यंत्र उपयोगी पडतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन, पाचशेच्या वर गेला की खाली पुट्टी आहे. यंत्र नसेल तर पातळ कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. पुट्टीवर ते धरत नाही.

पाण्यात बुडालेली गाडी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर पकडली जाते: शेवटच्या फूटभरात चिखलाची रेघ असते. स्टेपनीच्या खळग्यातला गाळ आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरमधला हिरवा गंजही बघा. अशी गाडी फुकटात मिळाली तरी रूटला लावू नका. वायरिंगचे दोष महिन्यांनी एकेक करून बाहेर येतात.

टेस्ट ड्राइव्ह, माल भरून

रिकामी गाडी सगळ्यांचीच छान चालते. नेहमीच्या मालाच्या निदान निम्म्या वजनाचे पाण्याचे कॅन किंवा वाळूच्या गोण्या भरा आणि अर्धा-पाऊण तास चालवा: पंधरा मिनिटं सरकत-थांबत, एक चांगला चढ, आणि मग ६०-७० च्या वेगात सलग. तापमानाचा काटा ट्रॅफिकमध्ये वर चढून मोकळ्या रस्त्यावर खाली येत असेल तर रेडिएटरचा पंखा चालत नाही. उलट, वेगात चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर टकटक आली तर पुढचा ॲक्सल जॉइंट. वेगासोबत वाढणारा, वळताना बदलणारा घुं-घुं आवाज चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, तिच्याशी ताडून बघा.

दुचाकी आणि इलेक्ट्रिक

हलकी पार्सलं आणि दाट वस्ती असेल तर स्कूटरच बरी. तिचा बेल्ट साधारण २०-२५ हजार किलोमीटरला बदलावा लागतो, बिल मागा. मोटरसायकलची चेन मागच्या चक्राच्या मध्यावर धरून ओढा. निम्म्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन आणि दोन्ही चक्रं एकदमच बदलायची. मागे खोका बसवलेला असेल तर त्याच्या खालच्या सांगाड्याला चीर आहे का, हे सगळ्यात आधी.

इलेक्ट्रिक गाडीला सततचे थांबे मानवतात. क्लच, सेल्फ नाहीत, ब्रेकही कमी झिजतात. तपासायची ती बॅटरी. पूर्ण चार्ज करून माल भरून २० टक्के संपेपर्यंत चालवा. झालेले किलोमीटर गुणिले पाच ही खरी रेंज, आणि रूट तिच्या ७० टक्क्यांत बसला पाहिजे. अनेक कंपन्या कारच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, पण ती नव्या मालकाला आणि व्यावसायिक वापराला लागू आहे का, हे हमीपत्रात वाचून घ्या.

कागद आणि भाव

चेसिसवर कोरलेला नंबर, प्लेटवरचा आणि नोंदणीच्या कागदावरचा, तिन्ही अक्षरशः जुळवा. सतरा अक्षरांच्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. दिसली तर वाचण्यात चूक आहे किंवा नंबरातच खोट. कर्ज फिटल्याचा लेखी दाखला, दोन्ही किल्ल्या, थकलेले कर-दंड हे पैसे देण्याआधी बघायचं. विमा डिलिव्हरीच्या कामासाठी मिळेल का आणि किती हप्ता पडेल, हे सौद्याआधीच विचारा. घरगुती वापराच्या विम्यावर माल वाहताना अपघात झाला तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

सापडलेला प्रत्येक दोष दुरुस्तीच्या खर्चासकट लिहा आणि तो कागद समोर ठेवून बोला. टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच, शॉकॲब्सॉर्बर यांच्यावर घासाघीस करा. चेसिसची चीर, ऑइलमध्ये कूलंट, बुडालेली गाडी, न जुळणारा नंबर यांवर घासाघीस नाही, उठून यायचं.

घेतल्यावर कामाला लावण्याआधी इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल आणि बिल नसेल तर टायमिंग बेल्ट बदला. यापुढे इंजिन ऑइलसाठी मॅन्युअलमधला ‘कठीण वापर’ हा तक्ता पाळा, बऱ्याच गाड्यांत तो नेहमीच्या जवळपास निम्म्या अंतराचा असतो. टाकी फुल करून दर वेळी लिटर आणि किलोमीटर लिहा. ॲव्हरेज अचानक दहा टक्क्यांनी पडलं तर आधी टायरची हवा, मग चिकटलेला ब्रेक, मग थर्मोस्टॅट बघा. पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत रोज सकाळी ऑइल-कूलंटची पातळी आणि गाडीखालची जमीन बघा, आणि चाकं काढली असतील तर पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.